टर्बोच्या आधी टायमिंग लाइट

पत्र : बऱ्याच वर्षांपासून मनात होती ती गाडी अखेर घेतली. माझदाची पहिल्या पिढीची दोन सीटर, १९९० ची, जपानहून आलेली, मागे ‘युनोस रोडस्टर’ असं लिहिलेली. इंजिन १.६ लिटरचं, गिअर पाच. दिसायला सुरेख आहे, पण गरम झाली की स्लोवर आरपीएम आपोआप वर-खाली होत राहतात, सातशेवरून पंधराशेवर आणि परत खाली. वरच्या गिअरमध्ये तीन हजारांच्या पुढे जोर दिला की गचके खाते. सकाळी सुरू केल्यावर काही मिनिटं टॅपेट वाजतात. इंजिनाच्या मागच्या बाजूनं ऑईल गळतं. मेकॅनिक म्हणाला, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एक मित्र म्हणतो, हे सगळं सोड, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि टर्बो किट बसव, सगळी दुखणी एकदम जातील. मला हे काम स्वतः शिकायचंय. घरी जागा आहे, थोडी हत्यारं आहेत, हातात पाना मात्र आत्ताच धरलाय. बाबा म्हणतात, बाहेरून आणलेली गाडी शिकण्यासाठी वापरू नकोस. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

प्रिय वाचक,

मित्राचा सल्ला सध्या बाजूला ठेवा. टर्बोला माझा विरोध नाही, पुढे त्यावरही लिहिलंय. पण आजारी इंजिनावर नवा ईसीयू बसवला की तो त्या आजाराला धरूनच ट्यून होतो. आज हवा कुठून तरी चोरून आत शिरतेय, म्हणून तुम्ही मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोल आणि टायमिंगच्या तक्त्यात, पेट्रोल वाढवाल. उद्या ती फाटकी नळी सापडली आणि बदलली की तोच मॅप चुकीचा ठरेल. तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारी मी दोनदा वाचल्या. त्यातली एकही ताकद कमी असल्याची नाही. तीस वर्षांहून जुनं रबर आणि आधीच्या कुणीतरी केलेली फिरवाफिरवी, मला तरी एवढंच दिसतंय. आणि या दोन्हींवर घरी इलाज होतो.

बाबांना सांगा, शिकायला याहून चांगलं इंजिन मिळणं अवघड आहे. ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली गेली. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या चमूनं ती मुद्दाम हलकी आणि साधी ठेवली होती. जपानमधलं साधं मॉडेल जेमतेम ९४० किलोचं. इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेनं बसवलेलं, त्यामुळे टायमिंग बेल्ट समोरच्या बाजूला येतो आणि बॉनेट उघडून सरळ उभं राहून काम करता येतं. शिवाय या १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी वाल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. बेल्ट बसवताना एखादा दात चुकला तर गाडी वाईट चालेल, पण इंजिन फुटणार नाही. नवशिक्याची चूक पोटात घालणारं इंजिन आहे हे.

बाबांचं एक मात्र खरं, आणि ते मी सगळ्यात आधी सांगतो. धोका गाडीला कमी आणि तुम्हाला जास्त आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, नट उचलायला हात घालण्यापुरतंही नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी पेलायला घोड्याच, म्हणजे लोखंडी स्टँडच, लागतात. या गाडीला पुढून उचलायचं ते पुढच्या सबफ्रेमच्या आडव्या बीमखाली, मागून डिफरन्शियलच्या हाउसिंगखाली, आणि घोड्या द्यायच्या दरवाजाखालच्या पट्टीवर जिथे पत्रा जाड केलेला आहे तिथे. घोड्यांवर ठेवल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. हलवून पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक बाजूला लावून न ठेवता दरवाजाखाली आडवं सरकवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पेट्रोलची कुठलीही नळी सोडवण्याआधी फ्युएल पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो.

आता गाडीची ओळख करून घ्या. चासी नंबर बघा, त्याची सुरुवात ‘एनए६सीई’ अशी असेल. भाग मागवताना वर्षाऐवजी हा नंबर द्यायचा. कारण जपानी बाजारातली गाडी आणि इतर देशांत एमएक्स-५ नावानं गेलेली हीच गाडी यांत बरेच छोटे फरक आहेत, आणि ‘१९९० ची माझदा’ एवढ्यावर आलेला भाग बसेलच असं नाही. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. नटबोल्ट किती आवळायचे ते आकडे तिथूनच घ्यायचे, ऐकीव घ्यायचे नाहीत.

बॉनेटखाली किंवा टायमिंग बेल्टच्या कव्हरवर जपानी लिपीतलं एखादं स्टिकर आहे का, तेही बघा. बेल्ट बदलला की तिथली गॅरेजं तारीख आणि किलोमीटर लिहून स्टिकर लावतात. त्यातलं वर्ष बरेचदा हेइसेई कालगणनेतलं असतं, त्यात १९८८ मिळवले की आपलं वर्ष निघतं. हेइसेई २ म्हणजे १९९०. म्हणून ‘१२’ असं वर्ष दिसलं तर ते २०१२ असेल असं धरू नका, ते २००० असू शकतं. कंपनीच्या हिशोबानं बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. स्टिकर नसेल, किंवा असूनही जुनं असेल, तर बेल्ट झालेलाच नाही असं समजून चाला.

यानंतरचं पहिलं खरं काम कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजण्याचं. गाडीचा कुठलाही भाग विकत घेण्याआधी हे करा, कारण पुढचा सगळा खर्च कशावर करायचा ते यावर ठरतं. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलचा कनेक्टर आणि फ्युएल पंपाचा रिले काढा, म्हणजे ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. कुणाला तरी ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरायला सांगा. हे विसरलं की थ्रॉटल (हवेची झडप) बंद राहतो, इंजिनाला हवा मिळत नाही आणि चांगल्या इंजिनाचे आकडेही घाबरवतात. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा आणि आकडा लिहून ठेवा. नुसता मोठा आकडा बघून खूश होऊ नका, चारही आकडे जवळजवळ आहेत का ते बघायचं. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल तर निश्चिंत राहा. एखादा सिलिंडर फारच मागे असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल आत सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर वाल्व्ह नीट बसत नाहीत.

आता ऑईलच्या गळतीकडे येऊ, कारण इथे तुम्हाला मोठं काम आणि मोठा खर्च सांगितला गेलाय. गिअरबॉक्स उतरवायला इतक्यात हो म्हणू नका. या इंजिनात हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) अगदी मागच्या टोकाला, फायरवॉलला जवळजवळ टेकलेला, कॅम अँगल सेन्सर असतो. ठिणगी कधी पाडायची ते ईसीयू त्याच्यावरून ठरवतो. तो हेडमध्ये बसतो तिथे एक छोटी रबरी ओ-रिंग आहे. ती कडक झाली की ऑईल झिरपतं, हेडच्या मागून खाली उतरतं, बेल हाउसिंगवरून (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागावरून) ओघळतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून टपकतं. खालून बघणाऱ्याला ते क्रँकच्या सीलमधून आल्यासारखंच दिसतं. म्हणून मागची बाजू डीग्रीझर मारून स्वच्छ धुवा, कोरडी करा, थोडी गाडी चालवा आणि मग छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन वरून बघा. ओल सेन्सरच्या खालून सुरू होत असेल तर चोर सापडला. ती वाल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येत असेल तर तिथलं पॅकिंग बदला. दोन्ही जागा कोरड्या आणि बेल हाउसिंग मात्र ओलं, असं दिसलं तरच सीलचा विचार करायचा.

सेन्सर काढायला एकच बोल्ट आहे, १२ चा. जागा अडचणीची, डोळ्याला दिसत नाही, हातानं चाचपडत पाना लावावा लागतो. काढण्याआधी सेन्सर आणि हेड या दोघांवर मिळून एक रेघ ओढून ठेवा, मार्करपेक्षा टोकदार खिळ्यानं ओरखडलेली बरी. जुनी ओ-रिंग बाहेर येईल ती रबरासारखी वाकणार नाही. एका बाजूनं चपटी झालेली असेल आणि नखानं दाबली तर कट्कन तुटेल. नवीला ऑईल लावून बसवा. सेन्सरच्या टोकाचे दोन दात मध्यापासून किंचित बाजूला असतात, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. आत जात नसेल तर ठोकू नका, टोक अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावा. हात तिथे आहेच तर खालच्या हीटरच्या रबरी नळ्याही दाबून बघा. वर्षानुवर्षं ऑईल पडून त्या फुगतात आणि मऊ पडतात, आणि त्यातली एक रस्त्यात फुटली तर सगळं कुलंट जातं.

सेन्सर हलला म्हणजे इग्निशनचं टायमिंगही हललं. आणि माझा संशय असा की ते तुमच्या आधीच कुणीतरी हलवून ठेवलंय.

त्याआधी आरपीएमचं वर-खाली होणं बघू. ते समजलं की निम्मी गाडी समजली. ईसीयूला इंजिनात किती हवा गेली ते एअर फ्लो मीटर सांगतो. या गाडीत तो पाखीवाला आहे, हवेच्या ओढीनं आतली पाखी उघडते आणि ती किती उघडली त्यावरून पेट्रोल ठरतं. मीटरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठेही भेग असेल तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. स्लोचे आरपीएम चढतात. ॲक्सिलरेटर तर सोडलेला आहे आणि आरपीएम जास्त आहेत, असं दिसल्यावर ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, तो पेट्रोल बंद करतो. आरपीएम कोसळतात, तो घाबरून पेट्रोल पुन्हा सुरू करतो, आरपीएम पुन्हा चढतात. तुम्हाला दिसतो तो खेळ हाच.

भेग कुठे शोधायची? सगळ्यात आधी मीटर आणि थ्रॉटल बॉडी यांना जोडणाऱ्या जाड रबरी नळीत. तिला घड्या असतात आणि घडीच्या आत गेलेली चीर वरून दिसत नाही. नळी काढा आणि हातानं ताणून, वाकवून प्रत्येक घडी उघडून बघा. मग वाल्व्ह कव्हरमधून निघणाऱ्या नळ्या, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डखालच्या बारीक नळ्या. इंजिन चालू ठेवून एकेक नळी पक्कडीला कापड गुंडाळून हलकेच दाबा, ज्या नळीला दाबल्यावर आवाज स्थिर होतो तिथे दुखणं आहे. दोन फूट रबरी पाइपचं एक टोक कानाशी धरून दुसरं फिरवत नेलं तर सुस्कारा ऐकूही येतो. काही जण गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारून गळती शोधतात. ते करू नका. डिपस्टिक आणि ऑईल भरायचं झाकण घट्ट आहे का तेही बघा, या इंजिनात ते सैल असलं तरी स्लो बिघडतो.

शिवाय थ्रॉटलवरचा स्विच बघा. १.६ च्या मॅन्युअल गिअरच्या गाडीत हा सेन्सर म्हणजे नुसते दोन संपर्क आहेत, एक ‘पाय उचललाय’ सांगणारा आणि दुसरा ‘तळाशी दाबलाय’ सांगणारा. मल्टिमीटर लावून पाय उचलल्यावर पहिला संपर्क जुळतोय ना, एवढं पाहिलं की झालं. जुळत नसेल तर स्विचचे दोन स्क्रू सैल करून तो थोडा फिरवायचा.

हे झाल्यावरच टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा, हातात घ्या. हे हत्यार आधी विकत घ्या, बाकीचं नंतर. इंजिन पूर्ण गरम, दिवे, पंखा, एसी सगळं बंद. बॉनेटखाली एक छोटी काळी डायग्नोस्टिक पेटी असते, तिच्या झाकणाच्या आत प्रत्येक टर्मिनलचं नाव छापलेलं आहे. त्यातलं टीईएन आणि जीएनडी छोट्या वायरनं जोडा. हे जोडल्याशिवाय ईसीयू स्वतःच टायमिंग पुढे-मागे करत राहतो आणि तुम्ही मोजता ते खोटं असतं. लाइटचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरवर लावा. लाइटवर ॲडव्हान्सची चकती असेल तर ती शून्यावरच ठेवा, कारण या गाडीत प्लग क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेटतो आणि चकतीचे लाइट त्यामुळे फसतात. आता खाली पुलीवर प्रकाश टाका. पुलीवरची खूण बेल्ट कव्हरवरच्या पट्टीत १० अंशांवर स्थिर उभी दिसली पाहिजे, आणि आरपीएम ८५० च्या आसपास. आरपीएम थ्रॉटल बॉडीवरच्या रबरी बुचाखालच्या स्क्रूनं जुळवायचे आणि टायमिंग सेन्सर फिरवून. सेन्सर अगदी केसभर फिरवला तरी खूण चांगली सरकते. एक जुळवलं की दुसरं थोडं हलतं, म्हणून दोन्ही आलटून पालटून बघा. शेवटी बोल्ट आवळून पुन्हा एकदा तपासा आणि जोडवायर काढायला विसरू नका.

बऱ्याच मालकांनी हे टायमिंग १० वरून १४ वर नेलेलं असतं, आणि खालच्या आरपीएमला गाडी खरोखर जरा चपळ वाटते. पण या इंजिनाला नॉक सेन्सर नाही. मिश्रण वेळेआधी पेटून आत हातोडी बसू लागली तर ती ऐकून टायमिंग मागे घेणारं तिथे कुणी नाही, तुमच्या कानांशिवाय. म्हणून आधी १० वर गाडी निर्दोष चालू द्या. नंतर १४ करून बघायचं असेल तर चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि चढावर वरच्या गिअरमध्ये खिडक्या उघड्या ठेवून ऐका. डब्यात खडे हलवल्यासारखा किंचितही आवाज आला तर परत १० वर.

तीन हजारांपुढचे गचके मला प्लगच्या वायरींचे वाटतात. जोर दिला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि वायरीचं आवरण जुनं झालं असेल तर ती वीज प्लगपर्यंत न जाता वाटेत हेडलाच मिळते. रात्री काळोखात इंजिन चालू करून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर उत्तर मिळालं. हात मात्र लांब ठेवा, धक्का जोरदार असतो. वायरी आणि चारही प्लग एकदमच बदला, प्लगचा गॅप १ ते १.१ मिलिमीटर. बदलूनही गचके राहिले तर कॉइल आणि फ्युएल फिल्टरकडे वळायचं.

टॅपेटच्या आवाजाची फार चिंता करू नका. त्या हायड्रॉलिक आहेत, रात्रभरात त्यातलं ऑईल उतरतं आणि सकाळी भरेपर्यंत वाजतं. ऑईल आणि फिल्टर बदला, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑईल घाला. गरम झाल्यावरही वाजत राहिल्या तर ऑईल प्रेशरचा काटा बघा. तुमच्या वर्षाच्या गाडीत तो खरा गेज आहे, रेस दिली की चढला पाहिजे. पुढच्या काही वर्षांच्या गाड्यांत तो जवळजवळ शोभेचाच करून टाकला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही, पण १९९० च्या गाडीत विचारायलाच हवी. सुरुवातीच्या १.६ इंजिनांच्या क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. पुलीचा मधला बोल्ट सैल राहिला की पुलीला क्रँकवर जागेवर धरणारी छोटी लोखंडी चावी आणि तिची खाच झिजत जाते, पुली डोलायला लागते, टायमिंग आपोआप मागे सरकतं आणि शेवटी क्रँकच जातो. पुढे कंपनीनं हे टोक लांब केलं. ओळख सोपी आहे. खालच्या पुलीच्या मधल्या भागात, बोल्टभोवती, खाचा दिसतात. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर लांब. चार निघाल्या म्हणून घाबरू नका, असंख्य आखूड टोकवाल्या गाड्या आजही ठणठणीत आहेत. इंजिन स्लोवर ठेवून पुलीकडे समोरून बघा, ती डोलत नसेल आणि टायमिंग लाइटखाली खूण एकाच जागी उभी असेल तर चांगलं आहे. पण तो बोल्ट उघडायची वेळ आली, आणि टायमिंग बेल्टच्या वेळी ती येतेच, तर नवा बोल्ट घ्यायचा, खाच स्वच्छ करून झीज तपासायची आणि टॉर्क पान्यानंच आवळायचा. ते काम पहिल्या वेळी जाणकाराला शेजारी उभं करून करा.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी आहे का तपकिरी, तेही बघा. तपकिरी पडली असेल तर ती फुटायच्या बेतात आहे, वाट बघू नका. सीटांच्या पाठी हुडचं, म्हणजे कापडी छताचं, पाणी वाहून जायच्या दोन नळ्या आहेत, त्या तुंबल्या की पाणी दरवाजाखालच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बॅटरी डिकीत आहे, तिचा गॅस बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या जोडलेल्या हव्यात. साधी बॅटरी आणून तिथे ठेवून देऊ नका.

ब्रेकवर जरा थांबतो. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून सगळं काढून नवं डॉट ४ भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. मागचे पॅड बदलताना नवशिके एक चूक हमखास करतात: पिस्टन क्लॅम्प लावून आत ढकलायला बघतात. तो तसा जात नाही, जोर केला तर आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या मागे एक छोटा बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते. ती उलटी फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसवून की सुलटी फिरवत जा, डिस्क हातानं फिरेनाशी झाली की साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या. दोन्ही बाजूंनी सारखंच. हँडब्रेक लागत नाही म्हणून केबल ताणत बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा इलाज इथे असतो.

एवढं केलंत की ट्यूनिंग सुरू झालं असं मी मानतो. इतक्या हलक्या गाडीत पुढचा सगळ्यात मोठा फरक टायरनं पडतो. टायरच्या बाजूला डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. बाहेरून आलेल्या गाडीचे टायर बरेचदा नक्षीनं भरलेले आणि वयानं म्हातारे असतात. दहा वर्षांचं रबर कितीही चांगलं दिसलं तरी बदला. मग सस्पेन्शनचे बुश, आणि मग अलाइनमेंट. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) जुळवता येतो, ही त्या काळातल्या गाड्यांत चैन होती. फक्त ते जुळवणारे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसलेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा, आणि जोर लावून पिळण्याआधी ते खरंच सुटलेत का बघा.

आणि आता टर्बो. मनात ठेवा, पण त्याच्या आधी वाइडबँड सेन्सर, म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा सेन्सर, घ्या. गाडीतला मूळचा ऑक्सिजन सेन्सर हवा १४.७ ला पेट्रोल एक या प्रमाणाच्या आजूबाजूलाच खरं बोलतो, त्यापलीकडे फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच सांगतो. पूर्ण थ्रॉटलला नुसत्या इंजिनाला साधारण १२.५ ते १३ आणि टर्बोच्या दाबाखाली त्याहून जास्त पेट्रोलचं, ११.५ ते १२ च्या आसपास मिश्रण लागतं. हे आकडे दिसत नसताना बूस्ट (टर्बोचा दाब) देणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं. टर्बो नसतानाच काही महिने ते आकडे बघत राहा. चढावर काय होतं, थंड सकाळी काय होतं, गिअर टाकल्यावर काय होतं, वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग पुन्हा मोजा. इंटेक, एक्झॉस्ट आणि टायमिंग एकाच रविवारी बदललं तर फायदा कशानं झाला आणि नुकसान कशानं, हे कधीच कळणार नाही.

टर्बोचा हिशोबही मोठा असतो. मूळ कॉम्प्रेशनचं प्रमाण ९.४ ला एक आहे, नॉक सेन्सर नाही, म्हणजे दाब वाढला की टायमिंग मागे घ्यायला आणि पेट्रोल वाढवायला ईसीयू, इंजेक्टर आणि बहुधा पंपही बदलावा लागतो. रेडिएटर, क्लच आणि ब्रेक पाठोपाठ येतात. १.६ च्या गाडीचं मागचं डिफरन्शियल लहान आहे, जास्त टॉर्कनं ते फुटतं, म्हणून टर्बोवाले पुढच्या १.८ मधलं मोठं डिफरन्शियल बसवतात. यातलं बसवण्याचं काम तुम्ही घरी करू शकाल. मॅपचं काम मात्र डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), नॉक ऐकायची साधनं असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्याच्या शेजारी बसून शिका. नोंदणी आणि विम्याच्या दृष्टीनं असा बदल चालतो का, हे किट घेण्याआधी विचारा.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळवा: चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, पुलीवरच्या खाचा किती, आणि टीईएन-जीएनडी जोडून पहिल्यांदा लाइट टाकलीत तेव्हा खूण किती अंशांवर होती. त्या वेळी काहीही जुळवण्याआधीचा आकडा लिहा. खाचा चार निघाल्या तर टर्बोचं नंतर बघू, आधी बेल्ट आणि त्या बोल्टचं काम कसं करायचं ते सविस्तर सांगतो. आठ निघाल्या आणि सिलिंडर सारखे असले, तर जी किट डोक्यात आहे तिची यादी पाठवा, एकेक भाग बघू.